पुढच्या हाताचं नाव

१

त्या दिवशी कळंबचा बाजार होता, म्हणून वर्गात निम्मीच मुलं आली होती. रस्त्यावरून ज्वारीच्या गाड्या चालल्या होत्या आणि खिडकीतून फुफाटा आत येत होता. मी मुलांना कित्ता घालून दिला होता आणि त्यांच्यामधून फिरत होतो. निजामाची शाळा, सगळं शिक्षण उर्दूतून. उर्दूचा तास संपला की मुलांचे हात उजवीकडून डावीकडे धावायला सवकलेले असत, आणि त्यानंतरच्या मराठीच्या तासाला पहिल्या ओळी वाकड्या पडतच. मी त्यावर रागवत नसे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एक गोष्ट साधली होती. पाटी कुणाची हे मला विचारावं लागत नसे. अक्षर बघितलं की मुलाचं तोंड दिसे.

दारात ईरण्णा येऊन उभा राहिला. ईरण्णा माझा चुलतभाऊ, आमच्या मरडगीचा. मरडगी नळदुर्गच्या पुढं, कानडी मुलखाच्या कडेला. तिथून कळंबला यायचं म्हणजे आधी बैलगाडी, मग मोटार, मग दुसरी मोटार. पटका काढून त्यानं हातात धरला होता. उंबऱ्याच्या आत तो येईना.

"आण्णा, जरा भायेर या."

"आत ये की. उन्हात का उभा राहिलास?"

"न्हाय. तुमीच या."

बाहेर लिंबाच्या सावलीत त्यानं सांगितलं. माझा मुलगा शांतलिंग गेला होता.

"ताप होता. पर मठात लिवायला बसायचं काय सोडंना. इरम्माक्का म्हणली, मी म्हणलं, ऐकतोय कुठं! दुपारी मठाचं अय्या पाणी द्यायला आत गेलं, तर फळीपुढं तसाच बसलेला."

"माती?"

"दिली, आण्णा. तुमची वाट बघितली. पर उन्हाळा हाय..." तो पटक्याची घडी घालत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "हात धुतला त्याचा. समद्यांनी धुतला. विभूती लावून घासला. उजव्या हाताची शाई काय निघंना. तसंच बसवलं मग."

आमच्यात मृताला बसवून माती देतात. डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात. उजवा हात मोकळा असतो.

मी वर्गात गेलो आणि राहिलेल्या पाट्या तपासल्या. मग हेडमास्तरांकडं, आमच्या सदरमुदर्रिस साहेबांकडं, रजेची अर्जी दिली.

२

मरडगीला पोचलो तेव्हाही दुपारच होती. माझी थोरली बहीण इरम्मा मला बघून मोठ्यानं रडली आणि रडता रडताच तिनं पाय धुवायला पाणी दिलं. बायको गेल्यापासून मी कळंबला एकटा राहत असे. इथलं घर, शेत, आक्का, हे सगळं शांतलिंग बघायचा. आत त्याची बायको नीलम्मा भिंतीला पाठ लावून बसली होती. तिला दिवस गेलेले होते. ती रडत नव्हती.

"मामा, जेवून घ्या," एवढंच ती म्हणाली.

जेवण गेलं नाही. मी मागच्या खोलीत भिंतीला टेकलो. आमच्या घराची ती भिंत आणि मठाच्या लिहायच्या खोलीची भिंत एकच आहे. गल्लीत कुणी नव्हतं. ऊन इतकं, की कुत्रीसुद्धा गप्प होती. भिंतीतून एक बारीक आवाज येत होता. वाळल्या पानावरून किडा चालावा तसा. थोडा चालायचा, थांबायचा, परत चालायचा.

"आक्का, हा आवाज कसला?"

"घूस हाय रे. मठात दाणं ठेवत्यात, लई घुशी झाल्यात." ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "शांतलिंगबी म्हणायचा, पिंजरा लावतो म्हणून."

मी मान हलवली. घुशी असतातच. तरी मी ऐकत राहिलो. घूस कुरतडताना मनाला येईल तेव्हा थांबते. हा आवाज ठरल्या वेळानं थांबत होता. बोरू दौतीत बुडवून परत कागदावर टेकवायला लागतो तेवढाच वेळ.

३

मठाचे गुरुपादय्या आता फार थकले होते. तोंडात दात राहिले नव्हते, पण जीभ पूर्वीचीच होती.

"या, मास्तर. सरकारचं मीठ खाऊन वाळलात की."

मी पाया पडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी लिहायच्या खोलीची कडी काढली.

मठाच्या पोथीबद्दल इथं सांगायला हवं. पोथी कानडी आहे, पण अक्षर बाळबोध. कानडी लिपी विसरलेल्या आमच्या गावासाठी कुणीतरी कधीतरी ती तशी उतरवली आणि तेव्हापासून ती तशीच उतरत आली. भाषा इतकी जुनी, की घरात कानडी बोलणाऱ्यांनाही ओळीतला एखादाच शब्द ओळखीचा लागतो. म्हणून नियम कडक. दिसतं तसं लिहायचं. चूक दिसली तर चूकच लिहायची. डाग असेल तर तेवढा डाग काढायचा. लिहिणारा मध्येच वारला, तर त्याच्या शेवटच्या अक्षरापुढं अंगठ्याएवढी जागा कोरी सोडून पुढच्यानं सुरुवात करायची. मग ती कोरी जागाही पोथीचीच होते, आणि पुढच्या प्रत्येक प्रतीत तिथंच सोडली जाते. वाचणारा त्या जागेशी आला की थांबतो आणि ऐकणारे मान खाली घालतात. लहानपणी मला वाटे, ती श्वास घ्यायची जागा असेल.

शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव येतं. त्याखाली 'पुढचा हात' असं लिहून आणखी एक नाव: पुढची प्रत करील त्याचं. मग श्रावणात नव्या प्रतीचं वाचन होतं आणि वाचन संपलं की गावातली घरं एकेक करून खाली सही करतात. लिहिता न येणारे अंगठा उठवतात. त्यानंतरच जुनी प्रत बोरी नदीत सोडायची.

मागची प्रत माझ्या वडिलांनी पुरी केली होती, शांतलिंग पाळण्यात होता त्या साली. पुढचा हात म्हणून त्याचंच नाव तिच्यात आहे. मागल्या पावसाळ्यात मठाचं धाबं गळलं, पानं मोडायला लागली, आणि त्याची पाळी आली.

"अर्ध्याच्या वर झालंया त्याचं," अय्या म्हणाले. "अर्धी प्रत ना मठात ठेवता येती, ना घरात. तुमीच पुरी करा, मास्तर. हात तुमचा, नाव त्याचं. तुमच्या वडलांनीबी तसंच केलं. बसवराजप्पा मधीच गेले तवा थोरल्या भावाची प्रत त्यांनी पुरी केली."

"अय्या, कुणाला कळत नाही त्याच्याखाली गाव सही करतं. ते कशासाठी?"

"कळलं म्हणून कोण सही करतंय? तुमी सरकारी कागदावर करता, ती समदी कळून करता व्हय?" ते हसले. मग त्यांचं हसू गेलं. "सही म्हंजे आपण ह्या रांगेत हाय म्हणून सांगायचं. म्होरं कुणी हाय, मागं कुणी हाय, मधी आपण. एकदा रांगेत उभा राहिला की आपल्या मनानं भायेर पडता येत न्हाय."

मी हो म्हणालो. पोथीवर माझी फार श्रद्धा होती म्हणून नव्हे. तो जिथं बसला होता तिथं मला बसायचं होतं.

"उर्दूनं हात उलटा झाला नसंल म्हंजे मिळवली," जाता जाता अय्या म्हणाले.

४

खोली लहान. वर एक झरोका, त्यातून दुपारी उन्हाची पट्टी फळीवर येते. काजळीची शाई, घोटलेला जाड कागद, बोरू. डाव्या हाताला वडिलांची प्रत, समोर शांतलिंगची. त्याची शेवटची ओळ एका शब्दाच्या मध्यावर थांबली होती. अक्षर बिघडलं नव्हतं, ओघळ नव्हता. हाक आली म्हणून उठून गेल्यासारखी ती ओळ होती.

अंगठा ठेवून मी तेवढी जागा कोरी सोडली आणि शब्दाचा राहिलेला भाग लिहिला. त्या दिवशी एवढंच झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी नेमानं बसू लागलो. सकाळी शेताकडं जाऊन यायचं, मग मठ. जेवायला घरी, परत मठ. उन्हं कलली की कडी लावायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, कळंबची घाई नव्हती. बोरूचा आवाज कानाला बरा वाटत होता. त्या आवाजात विचार बंद पडत.

पहिल्यांदा मला दिसलं ते अक्षर. माझं अक्षर उभं आहे. शांतलिंगचं डावीकडं कललेलं, आणि त्याच्या ळ ची गाठ मोठी. लहानपणी त्यावरून मी त्याला फार बोललो होतो. काही पानं लिहून झाल्यावर मी मागं बघितलं, तर माझी पानं डावीकडं कललेली होती. ळ ची गाठ मोठी होती.

मी मनाशी म्हणालो, यात नवल नाही. पोर गेलेला बाप पोराचं पान समोर ठेवून लिहितो. हात त्याच्याकडं ओढणारच. शाळेत शेजारी शेजारी बसणाऱ्या मुलांची अक्षरं वर्षाअखेर सारखी होतात. खात्री करायला मी एका चिठोऱ्यावर माझं नाव लिहिलं. अक्षर उभं आलं. मग पोथीच्या पानावर पुढची ओळ लिहिली. ती कलली.

तेव्हा मी सोडलेली जागा बघायला मागचं पान काढलं.

जागा नव्हती.

शब्द सलग होता. त्याचा अर्धा आणि माझा अर्धा एकमेकांना चिकटून, एकाच शिरोरेघेखाली. बोटानं चाचपलं. खरवडल्याची खूण नाही, कागद चढवलेला नाही. मी जागा सोडायला विसरलो असेन, असं म्हणून बघितलं. पण अंगठा ठेवल्याची शाईची पुसट खूण समासात होती.

मग मी वडिलांच्या प्रतीत जुन्या कोऱ्या जागा शोधल्या. त्या होत्या, जिथल्या तिथं. माझे थोरले चुलते बसवराजप्पा लिहिता लिहिता गेले, त्यांची जागा कुठं असेल म्हणून पानं चाळली. ती मात्र कुठं सापडली नाही.

जे वाटलं ते सांगायला संकोच होतो. मला भीती वाटली नाही. ती जागा नव्हती, म्हणजे पोथीच्या लेखी शांतलिंग थांबलाच नव्हता. ते मला गोड वाटलं.

५

"मामा, तुमी लिवताना कुणासंगं बसता?" नीलम्मानं एकदा विचारलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"कुणासंगं बसणार? एकटाच असतो."

"भिंतीतून दोन लेखण्या वाजत्यात."

"ए पोरी," इरम्मा ओरडली, "पोटुशी बाईनं भिंतीला कान लावून बसू ने. मनाचं खेळ असत्यात."

नीलम्मानं भाकरी उलटली. त्या दिवसापासून ती मठात पाणी घेऊन यायची बंद झाली.

पुढं एकदा मी जेवायला बसलो होतो. मठाची कडी मी स्वतः लावून आलो होतो आणि अय्या शेजारच्या वाडीवर गेले होते. अंबाडीची भाजी होती. मी पहिला घास मोडला आणि भिंतीतून आवाज सुरू झाला. थोडा चालला, थांबला, परत चालला.

नीलम्मा माझ्या हाताकडं बघत होती. माझा हात ताटात होता.

इरम्मानंही ऐकलं. तिनं भाजीचं भांडं खाली ठेवलं आणि फार हलक्या आवाजात विचारलं, "शंकर, घूसच हाय न्हवं?"

"घूसच आहे," मी म्हणालो.

जेवून मी मठात गेलो. कडी तशीच होती. फळीवरचं पान मी जिथं सोडलं होतं तिथून दोन ओळी पुढं गेलं होतं. बोट टेकवलं. शाई ओली होती.

आपण लिहून विसरतो असं एक मन म्हणत होतं. दुःखात माणसं याहून मोठ्या गोष्टी विसरतात. कळंबचे एक गृहस्थ बायको गेल्यावर महिनाभर दोन ताटं वाढून घेत. मी असं बरंच काही मनाशी बोललो. मग कोपऱ्यातून एक नवा बोरू घेतला, चाकूनं त्याचा तिरपा छाट घेतला, शांतलिंगला लागायचा तसा, आणि दौतीच्या पलीकडं ठेवला.

रोज संध्याकाळी त्याचं टोक झिजलेलं असे. रोज मी ते तासून ठेवत असे. बापानं मुलाची लेखणी करून द्यावी, यात कुणाला काय दिसणार होतं?

६

ज्येष्ठात नीलम्मा बाळंत झाली. मुलगा झाला. इरम्मा अंगणात येऊन आधी हसली, मग तिथंच बसून रडली. ईरण्णानं घरोघर साखर वाटली. गुरुपादय्या काठी टेकत आले, मुलाच्या कपाळी विभूती लावली आणि म्हणाले, "मास्तर, म्होरचा हात आला बघा! शिवाची करणी. श्रावणात वाचन करू, समदं गाव सही करंल. पोथी किती राहिली?"

"एक पान."

"मग लौकर पाळण्यात घाला. नाव ठेवलं की त्या ओळीत तेवढं बसवून टाका. तुमच्या वडलांनी शांतलिंगचं बसवलं तसं."

त्यांचं बोलणं ऐकून मला बरं वाटत होतं. नाव ठेवायच्या दिवसाचं मनात ठरवत मी मठात गेलो आणि सहज, मांडणी बघायला म्हणून, वडिलांच्या प्रतीचं शेवटचं पान काढलं. ते मी अनेकदा बघितलं होतं. तरुण असताना तर अभिमानानं बघितलं होतं. माझ्या तान्ह्या मुलाचं नाव त्यात होतं. तेव्हा मी शाळामास्तर नव्हतो. अक्षर बघायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

'पुढचा हात' हे शब्द आणि त्यापुढचं 'शांतलिंग' हे नाव माझ्या वडिलांच्या अक्षरात नव्हतं.

वडिलांचं अक्षर गोल. नाव लिहिणाऱ्याचा हात अरुंद, टोकदार होता. मी पहिली पानं काढली, बसवराजप्पांनी जिवंतपणी लिहिलेली. तोच हात. मी पानं परत परत लावून बघितली, उजेडाला धरली. शांतलिंग जन्मला तेव्हा बसवराजप्पांना जाऊन दोन पावसाळे झाले होते.

अय्यांना विचारलं. ते झरोक्याकडं बघत राहिले.

"अक्षर काय मास्तर, म्हातारपणी हलतंय. तुमचे वडील थकले हुते."

"अय्या, तुम्ही तेव्हा इथंच होता."

"हुतो." त्यांनी काठी उचलली. "रांग तुटली न्हाय, एवढं बघायचं. कोण कसं जोडतंय ते बघू ने."

७

नाव ठेवायच्या आदल्या सकाळी नीलम्मानं मला आत बोलावलं. मूल तिच्या मांडीवर झोपलं होतं. तिनं आजूबाजूला बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन मुलाचं नाव सांगितलं. तिनं आणि शांतलिंगनं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. मुलगा झाला तर म्हणून.

"आवडलं का, मामा?"

"चांगलं आहे," मी म्हणालो. नाव खरंच चांगलं होतं. दिवसभर ते माझ्या जिभेवर होतं.

दुपारी मठात गेलो. कडीला हात लावला, आणि आतून येणारा आवाज थांबला.

इतके दिवस असा प्रसंग आला नव्हता. मी आत असलो की तो माझ्याबरोबर वाजे, मी नसलो की एकटा वाजे. माझ्या चाहुलीनं तो पहिल्यांदाच थांबला होता. मी कडी काढली नाही. दाराच्या फळ्यांमध्ये एक चीर आहे, तिला डोळा लावला.

झरोक्यातून ऊन येत होतं आणि त्याची पट्टी फळीवर पडली होती. खोलीचा बाकीचा भाग मला दिसत नव्हता, आणि मी तो बघायचा प्रयत्नही केला नाही. पट्टीत शेवटचं पान होतं. पान पुरं झालेलं होतं. खाली शांतलिंगचं नाव होतं, त्याखाली 'पुढचा हात' हे शब्द, आणि त्यांच्यापुढं मोकळा कागद. त्या मोकळ्या जागेवर एक उजवा हात टेकला होता. मनगटापर्यंत काळा. नखांत आणि बोटांच्या पेरांत कोरडी माती. बोरू बाजूला ठेवलेला होता.

हात लिहीत नव्हता. मी बघत असताना तो सावकाश उलटा झाला, आणि तळवा वर करून, बोटं किंचित मिटून, दाराकडं पुढं झाला. लहानपणी शांतलिंग माझ्यापुढं असाच हात करायचा. मी मुठीत काही आणलं असेल तर मागायला.

त्याला नाव हवं होतं. ते त्याला ठाऊक होतं. त्यानंच ठरवलेलं होतं. तरी ते कुणीतरी जिवंत माणसानं द्यावं लागत असणार.

नाव माझ्या ओठांशी आलं. एवढं मी प्रामाणिकपणे लिहितो. ते उच्चारलं असतं तर त्याची प्रत पुरी झाली असती, सही झाली असती, गावानं अंगठे उठवले असते, आणि ज्याला माती देताना मी नव्हतो तो माझा मुलगा लेखणी ठेवून उठला असता. आणि भिंतीपलीकडं, त्याच क्षणी, ते तान्हं मूल रडलं.

मेलेल्या हातानं लिहिलेल्या नावानंच शांतलिंगला त्या फळीपुढं आणून बसवलं होतं. मी तोंडावर हात दाबला आणि दारापासून मागं सरलो. अंगणात येईपर्यंत हात काढला नाही.

८

"नाव उद्या ठेवायचं नाही," मी घरी येऊन सांगितलं.

"का रं? मुहूर्त काढलाय, बाया यायच्या हायेत," इरम्मा म्हणाली. "येडा झालास का काय?"

नीलम्मानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मुलाला उचलून तिनं पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "नगं ठेवायला. मामा म्हणत्यात ना."

श्रावणात वाचन झालं नाही. गुरुपादय्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं; पुढं ते गेले, आणि जाताना त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय होतं ते मला कळलं नाही. जुनी प्रत नदीत सोडता येत नाही, नवीवर गावाला सही करता येत नाही. दोन्ही त्या खोलीत आहेत. खोलीला मी बाहेरून कुलूप घातलं आणि आक्का, नीलम्मा आणि मूल यांना घेऊन कळंबला आलो. ईरण्णा येतो तेव्हा मी मठाबद्दल विचारत नाही. तो एकदा आपणहून म्हणाला, "घुशी लई झाल्यात, आण्णा. कुलूप उघडून बघावं म्हणतो." मी त्याला नको म्हणालो.

मुलाला आम्ही रोज वेगळ्या हाकेनं बोलावतो. एकच हाक लागू झाली की तीच नाव होते, म्हणून. शेजारणी हसतात. पोरं त्याला बिननावाचा म्हणून चिडवतात आणि तो घरी येऊन आईच्या मांडीत तोंड घालतो. नीलम्मा त्याच्या केसांतून हात फिरवते. तिचे ओठ हलतात, पण आवाज येत नाही. शांतलिंगचं मी काय केलंय ते मला ठाऊक आहे. त्याचा तळवा पुढं केलेला असतानाच मी त्याला तिथं बसवून ठेवलंय. दोघांपैकी एकालाच काही देता येत होतं.

आता निजामाचं राज्य गेलं. शाळेवरची पाटी मराठीत झाली आहे आणि नवे हेडमास्तर भले माणूस आहेत. परवा ते म्हणाले, "मास्तर, तुमचा नातू सहा वर्षांचा झाला की. स्वतःच्या शाळेत घालत नाही म्हणजे काय! सांगा, नाव काय लिहू?"

मी उद्या सांगतो म्हणालो.

मुलाचं नाव अजून ठेवलेलं नाही.